दगडफूल एकटीने नेण्याबाबत

निलेश घाडीने त्या रात्री जेवताना तोंड फक्त जेवणापुरतं उघडलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण कुळथाची पिठी आणि गरम भात पुढ्यात आला की या माणसाला आपलं बालपण आठवतं, आणि आठवलं की सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.

"मी आरोहीएवढा होतो ना, तेव्हा सगळ्या लालबागेत एकटा फिरायचो," तो म्हणाला. "दूध आणायला एकटा, शाळेत एकटा, आई डंकावर बसली की तिला चहा न्यायला एकटा. कोणी विचारत नव्हतं."

आरोही नऊ वर्षांची. तिने ताटातून मान वर केली आणि विचारलं, "मग मी का नाही?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी होती?"

"तेव्हा एवढं ट्रॅफिक नव्हतं."

"आजी सांगते, तू बसखाली येता येता वाचलास."

सुभद्राबाई, म्हणजे निलेशच्या आई, भाताचा पुढचा घास कालवत राहिल्या. निलेशने बायकोकडे पाहिलं. सुचित्रा लोणच्याची फोड बाजूला सारत म्हणाली, "विषय तू काढलास. आता तूच निस्तर." एवढं बोलून ती ताक आणायला आत गेली, आणि निलेश आपल्या बालपणासकट एकटा पडला.

मुलांसमोर काढलेला शब्द पाळायचा असतो असं निलेशचं मत आहे आणि ते त्याने अनेकदा बोलून दाखवलेलं आहे. त्यामुळे त्याने योजना आखली. घाडींच्या घरात दर एप्रिलमध्ये वर्षाचा मालवणी मसाला होतो. मिरच्या सुभद्राबाई स्वतः निवडतात, स्वतः भाजतात आणि गल्लीतल्या डंकावर कुटायला नेतात. डंक म्हणजे विजेवर वरखाली आपटणारी लोखंडी मुसळं. मिरची मुसळाखाली गेल्यापासून चाळून डब्यात भरेपर्यंत घरचं माणूस समोर बसायलाच लागतं. नजर हलली की आपली बेडगी दुसऱ्याच्या डब्यात आणि दुसऱ्याचा कसला तरी भुसा आपल्या डब्यात, अशी सुभद्राबाईंची खात्री आहे. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून त्या मसाला अर्धा टाकून कधी उठलेल्या नाहीत. निलेशच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा धने कुटायचे राहिले होते म्हणून त्या थांबल्या, हे त्या अजून अभिमानाने सांगतात. घरच्या दुसऱ्या कोणाला त्यांनी त्या जागी कधी बसू दिलेलं नाही, निलेशला तर नाहीच.

योजना अशी, की मसाल्याच्या रविवारी आजी सकाळीच डंकावर जाऊन बसेल. दगडफुलाची पुडी घरी राहील. ती पुडी घेऊन आरोही एकटी जाईल आणि आजीबरोबर परत येईल. गेटमधून सरळ, पानवाल्याकडे डावीकडे, एक छोटा रस्ता ओलांडला की मसाल्याची गल्ली.

"म्हणजे दगडफूल मुद्दाम घराक इसारचा?" सुभद्राबाई म्हणाल्या. "असली थेरां मी खंय बघूक नाय." पण नातीचा चेहरा बघून त्यांनी पुडी वेगळी बांधली.

आरोहीची मात्र एकच अट होती. "बाबा, मागे मागे यायचं नाही. गळ्याची शपथ घे." निलेशने घेतली. त्या क्षणी ती मनापासून घेतली होती हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

आता, पूर्वी जिथे चाळ होती तिथे टॉवर झाला आहे आणि टॉवरला गेट आहे. चाळीला गेट नव्हतं. चाळीत गॅलरीत उभ्या चाळीस बायका होत्या, आणि पोर नाक्यापर्यंत गेलं की त्याचं काय चाललंय हे त्याच्या आधी घरी पोचायचं. गेटवर एकटा वॉचमन यादव असतो. शनिवारी रंगीत तालीम म्हणून आरोहीला गेटपर्यंत पाठवलं, तर यादवने दांडा आडवा केला. "साब, बेबी अकेली अलाउड नहीं है. चेअरमन साब का ऑर्डर है."

चेअरमन म्हणजे शरच्चंद्र तावडे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. कचेरीने त्यांना सोडलं, पण त्यांनी कचेरीला सोडलेलं नाही. निलेश त्यांना लहानपणापासून शरूकाका म्हणतो. त्यांनी दारातच नियमावली उघडून वाचून दाखवली: बारा वर्षांखालील मुले व पाळीव प्राणी यांना सोबतीशिवाय गेटबाहेर सोडले जाणार नाही.

"काका, मी सात वर्षांचा असताना तुम्ही मला नाक्यावर तंबाखू आणायला पाठवायचात!"

"तेव्हा मी चेअरमन नव्हतो," शरूकाका शांतपणे म्हणाले. "अर्ज दे. दोघांच्या सह्या पाहिजेत. आणि कायद्याचं काय म्हणणं आहे ते वकिलाकडून विचारून घे. उद्या काही झालं तर पेपरात सोसायटीचं नाव येतं, बापाचं येत नाही."

अशा रीतीने मसाल्याचा रविवार एक आठवडा पुढे गेला. भाजलेल्या मिरच्या डब्यात बसून राहिल्या आणि सुभद्राबाईंनी लेकाशी बोलणं सोडलं.

वकील घरातच मिळाला, म्हणजे सहाव्या मजल्यावर. अ‍ॅडव्होकेट प्रिती नार्वेकर भोईवाड्याच्या कोर्टात उभ्या राहतात आणि फुकटचा सल्ला फक्त लिफ्टमध्ये देतात. निलेश त्यांच्याबरोबर तीन वेळा वरखाली गेला.

"अमुक वयापर्यंत मुलाला एकटं सोडू नये, असा आकडा कायद्यात माझ्या तरी बघण्यात नाही," प्रितीताई म्हणाल्या.

"मग मिटलंच की!"

"मिटलं कसलं? आकडा असता तर बरं होतं. आता कसं आहे, मुलगी नीट परत आली तर तुम्ही मुलीला धीट करणारे बाप. नाही आली तर निष्काळजी बाप. आणि यातलं काय ते ती परत आल्याशिवाय कळत नाही."

"मग मी नक्की काय करायचं?"

"काही होऊ द्यायचं नाही." लिफ्ट थांबली. बाहेर पाऊल टाकता टाकता त्या म्हणाल्या, "सुट्टीत ती दिवसभर घरात बसून मोबाइल बघते ना? त्यावर सोसायटीची मीटिंग कोणी घेत नाही बघा." मग दार बंद झालं आणि निलेश उगाचच अठराव्या मजल्यावर जाऊन आला.

समजूतदार माणूस इथे थांबला असता. निलेश पोलीस चौकीत गेला. पोलिसांना आधीच विश्वासात घेतलेलं बरं, असा त्याचा विचार. चौकीतले हवालदार काहीतरी लिहीत होते.

"मुलगी हरवलीय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही हो. एक विचारायचं होतं. समजा, नऊ वर्षांची मुलगी मसाल्याच्या गल्लीत एकटी चाललीय. तर तिच्यावर कोणाचं लक्ष असतं का? म्हणजे पोलिसांचं वगैरे? आणि रविवारी साधारण कधी गर्दी कमी असते तिकडे?"

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि निलेशकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी त्याचं नाव, पत्ता, कुठे कामाला, हे सगळं सावकाश विचारून घेतलं. सरकारी माणूस इतक्या आस्थेने चौकशी करतो हे बघून निलेश भारावून गेला. घरी येऊन तो सुचित्राला म्हणाला, "पोलीस वाईट नसतात ग, आपण बोलायला जात नाही."

मग अर्जावर सोसायटीची मीटिंग झाली. तिची सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपवरच झाली होती. कोणीतरी लिहिलं, की जपानमध्ये सहा वर्षांची पोरं एकटी शाळेत जातात. त्यावर दुसऱ्याने लिहिलं, की जपानमध्ये फुटपाथ असतो. तिसऱ्याने पोरं पळवणाऱ्या टोळीचा फोटो टाकला, जो गेल्या वर्षीही त्यानेच टाकला होता. प्रत्यक्ष मीटिंगमध्ये निम्म्या लोकांनी आपण लहानपणी किती लांब एकटे जायचो हे सांगितलं, आणि त्याच निम्म्या लोकांनी ठरावाला विरोध केला. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ, जे मूळचे चाळीतले नाहीत, म्हणाले, "घाडींना मुलीबरोबर जायला वेळ नसेल तर तसं सांगावं. आम्ही कोणीतरी जाऊ."

निलेशला ते लागलं. मुलीच्या प्रत्येक तापात रात्रभर जागलेला माणूस तो. तो काहीतरी जहाल बोलायला उठला, आणि नेमका तेव्हा विषय पार्किंगवर गेला. तो पुन्हा खाली बसला आणि पार्किंग संपेपर्यंत बसून राहिला.

शेवटी ठराव झाला. कुमारी आरोही घाडी हिस दगडफूल एकटीने नेण्याबाबत प्रायोगिक तत्त्वावर एकदा परवानगी देण्यात येत आहे. अटी अशा, की गळ्यात शिट्टी, गळ्यातच ओळखपत्र, आणि अनोळखी माणसाने हाक मारल्यास काय करायचे याचे प्रशिक्षण पालकांनी द्यावे. काही गडबड झाल्यास परवानगी कायमची रद्द. बाराव्या वाढदिवसापर्यंत पुन्हा अर्ज करता येणार नाही.

"म्हणजे मला एकच चान्स?" आरोहीने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की निलेशला सगळ्या सोसायटीचा राग आला.

प्रशिक्षण त्याने जोरात दिलं. रोज संध्याकाळी तो हॉलमध्ये अनोळखी माणूस व्हायचा. "तोंड झाकलेल्या माणसाने नावाने हाक मारली तर?"

"थांबायचं नाही."

"तो म्हणाला, मी तुझा बाबाच आहे, तर?"

"खुणेचा शब्द विचारायचा. नाही सांगितला तर सरळ आजीकडे जायचं. मागे बघायचं नाही."

खुणेचा शब्द आधी 'बांगडा' होता. सुचित्राच्या मते तो लालबागेत कोणीही सहज बोलू शकतो, म्हणून 'मोदक' केला. मग आरोहीने तो मैत्रिणीला सांगितला, म्हणून तिसरा ठेवला.

रविवार उजाडला. सुभद्राबाई पहाटेच मिरच्यांचे डबे घेऊन गेल्या. आरोहीने गळ्यात शिट्टी आणि ओळखपत्र घातलं, पुडी मुठीत धरली आणि दारातून ती एखादी बाई कामाला निघावी तशी निघाली. गेटवर यादवने ठरावाची प्रत वाचली, जी त्याला वाचता येत नव्हती, आणि दांडा वर केला.

निलेश खिडकीत उभा होता. पानवाल्यापर्यंत ती दिसली. मग दिसेनाशी झाली.

"बस जरा," सुचित्रा म्हणाली. तिने स्वतः त्याच भांड्याला दुसऱ्यांदा साबण लावला होता.

"मी पेपर घेऊन येतो."

"पेपर आलाय. निलेश, तू शपथ घेतलीस."

"मागे जाणार नाही म्हटलंय. मी समोरच्या बाजूने जातो."

शपथेचा असा अर्थ लावणाऱ्या माणसाला पुढे जे भोगावं लागलं त्याबद्दल फार वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. निलेशने टोपी घातली, गॉगल लावला आणि मास्क चढवला. मसाल्याच्या गल्लीत मिरचीची धूळ उडते, तेव्हा मास्क कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही, असं त्याचं गणित. पण त्या गल्लीतली माणसं मास्क लावत नाहीत, ती शिंकतात. अख्ख्या गल्लीत तोंड बांधलेला तो एकटाच होता.

आरोही व्यवस्थित चालली होती. रस्त्याशी थांबली, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं. एका टेम्पोवाल्याने हाताने 'जा' म्हणून खूण केली तरी टेम्पो पूर्ण थांबेपर्यंत ती हलली नाही. निलेशला अभिमानाने भरून आलं. तो एका हातगाडीमागून दुसऱ्या हातगाडीमागे सरकला. ती थांबली की हा थांबायचा, ती चालली की हा चालायचा.

गल्लीच्या तोंडाशी शांतीमावशी मासे घेऊन बसते. तिच्याकडून सुभद्राबाई आणि आरोही दर बुधवारी मासे नेतात. निलेश मासे मोबाइलवरून मागवतो, त्यामुळे शांतीमावशी घरातल्या दोघींना ओळखायची आणि याला नाही. तिने कोयता बाजूला ठेवला, उठली आणि निलेशच्या शर्टाची कॉलर पकडली.

"काय रे ए? पोरीच्या मागं का फिरतो तू? कवापास्नं बघतेय मी!"

"अहो मावशी, मी तिचा बाप आहे!"

"बाप तोंड झाकून फिरतो काय? सुभद्राची नात हाय ती. बापाला मी कधी बघितला नाय." तोवर पाचसहा बायका जमल्या. धनेवाला दुकानाबाहेर आला. एकाने मोबाइल काढला.

निलेश ओरडला, "आरोही! ए आरोही! सांग यांना!"

आरोही थांबली. तिने वळून पाहिलं आणि स्पष्ट आवाजात विचारलं, "खुणेचा शब्द?"

आता तो शब्द निलेशनेच ठरवला होता. पण मानेला मासळीचा ओला हात आणि भोवती बायका असताना माणसाला काय आठवणार? "बांगडा!" तो म्हणाला. आरोहीने मान हलवली. "नाही, थांब, मोदक! मोदक नाही. सुरमई! हलवा!"

"भाव नंतर विचार," शांतीमावशीने कॉलर आवळली.

आरोही वळली आणि शिकवल्याप्रमाणे सरळ आजीकडे चालू लागली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

गस्तीवरचे हवालदार तेवढ्यात आले. मास्क खाली ओढताच त्यांचा चेहरा उजळला. "हां! हेच ते. नऊ वर्षांची मुलगी, रविवार, गर्दी कधी कमी असते. तेव्हाच मला डाऊट आला होता." निलेशने त्यांच्याशी केलेली ती समजूतदार चर्चा आता मोठ्याने ऐकली, आणि त्याला स्वतःलाच स्वतःचा संशय आला. "चला चौकीत," हवालदार म्हणाले.

चौकीत त्याने ओळखपत्र दाखवायला खिशात हात घातला. पाकीट घरी होतं. फोनही घरी होता, सुचित्राने फोन केला तर आपण कुठे आहोत ते कळू नये म्हणून त्याने तो मुद्दाम ठेवला होता. अख्ख्या लालबागेत एकच व्यक्ती ओळखपत्र घालून फिरत होती आणि ती डंकाकडे गेली होती. निलेश बाकावर बसून राहिला. त्याला खरोखर रडू येत होतं, आणि ते पोलिसांच्या भीतीने नव्हतं. त्याने आपल्या हाताने पोरीचा एकुलता एक चान्स घालवला होता. आता ठरावाप्रमाणे गडबड झाली होती, परवानगी रद्द होणार होती, आणि त्यात तिची काडीचीही चूक नव्हती.

मग बातमी डंकापर्यंत पोचली आणि दारात सुभद्राबाई उभ्या राहिल्या. पदराला मिरचीची लाल धूळ, डोळे लाल, एक हात कमरेवर.

"माझोच झील तो," त्या हवालदारांना म्हणाल्या. "येडो हा, पण वायट नाय. सोडा त्येका."

निलेशला आधी सुटल्याचा आनंद झाला. मग त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आई, मसाला झाला?"

"अजून अर्धो रवलोहा."

"मग डंकावर कोण बसलंय?"

"आरोही."

निलेश बघत राहिला. त्याला चाळीस वर्षं झाली तरी ती जागा मिळाली नव्हती.

"बघतस काय? चेडवाक एकटा सोडूक भियतस, आणि स्वतः पोलिसांत येऊन बसतस!" असं म्हणून सुभद्राबाई निघाल्या. वाटेत त्यांना शांतीमावशीशी बोलायचं होतं, तिथे त्या थांबल्या. निलेश धावत पुढे गेला.

डंक धाडधाड वाजत होते. उपड्या घातलेल्या डब्यावर आरोही बसली होती. पाय जमिनीला पोचत नव्हते. दगडफुलाची रिकामी पुडी घडी घालून तिने मांडीवर ठेवली होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असूनही ती मुसळांवरची नजर हलवत नव्हती. शेजारच्या डंकावरची बाई तिला पाणी देत होती. चाळणीवाला तिला विचारूनच चाळण रिकामी करत होता. गल्लीतलं प्रत्येक माणूस तिच्याकडे लक्ष ठेवून होतं आणि कोणी तिच्या मध्ये येत नव्हतं. निलेश मात्र आला.

"बाबा, समोर उभा राहू नकोस. मला मसाला दिसत नाही."

तो बाजूला झाला. "तू मला ओळखलं नाहीस?"

"ओळखलं. बुटांवरून." तिने नजर वळवली नाही. "पण तूच सांगितलंस ना, शब्द चुकला तर थांबायचं नाही. तिरफळ होता तो शब्द." मग ती म्हणाली, "आणि तू शपथ मोडलीस."

डंकांचा आवाज फार मोठा होता, पण हे त्याला नीट ऐकू आलं. "चुकलो मी," तो म्हणाला. "शरूकाकांना मी सांगतो, की गडबड माझ्यामुळे झाली. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगतो. चल आता घरी, बाकीचं आजी बघेल."

"आजी म्हणाली, मसाला भरेपर्यंत उठायचं नाही. तू जा."

"मी थांबतो ना इथे."

"नको. तू जा." मुसळं वर गेली, खाली आली. तिने पहिल्यांदाच, निमिषभर, लाल झालेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. "एकटा जाशील ना?"

"जाईन," निलेश म्हणाला आणि निघाला.

या वेळी त्याने मागे वळून पाहिलं नाही, अगदी गल्लीच्या तोंडापर्यंत नाही आणि रस्ता ओलांडतानाही नाही. पाहायची सोयच नव्हती. मागून दहा पावलांवर शांतीमावशी येत होती, तो खरोखर घरी जातो की नाही ते बघायला.